बागेचं कुलूप कोणाच्या हातात?

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणमालेतून)

मैत्रिणींनो, गटाची बैठक आटोपून कुणी ऐकत असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. 

मी अंबडहून बोलतेय. अंबड म्हटलं की मराठवाड्यातल्या बायांना जालना जिल्ह्यातलं अंबड आठवतं. माझं अंबड ते नव्हे, हे नाशिकचं. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेचं हे पूर्वी साधं शेतीचं गाव होतं. मग एमआयडीसी आली, कारखाने आले. शेजारी सिडकोने नवीन नाशिक नावाची मोठी वसाहत बांधली. १९८२ साली नाशिकची महापालिका झाली आणि आजूबाजूची खेडी शहरात आली. आज अंबडमध्ये गावठाणही आहे, कंपन्याही आहेत आणि खोली करून राहणारी हजारो कुटुंबंही आहेत. त्यातलीच मी एक.

लग्न होऊन आले तेव्हा आमची एकच खोली होती. मालक कंपनीत पाळीवर. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे. लहान लेकरू रडलं की त्यांची झोप मोडायची. मग मी मुलीला कडेवर घ्यायची आणि जवळच्या बागेत जाऊन बसायची. चार झाडं, दोन बाकडी, एक झोका, एवढीच ती बाग. पण त्या बाकड्यावर मला पहिली मैत्रीण भेटली, आणि आमचा बचत गटही तिथेच ठरला. तेव्हा बाग म्हणजे श्रीमंतांची चैन, असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला बाग नसली तरी चालते. ज्याला अंगणच नाही त्याचं अंगण म्हणजे बाग.

आज याच विषयावर बोलायचं आहे. सरकारकडे पैसे कमी पडले की बागेवर गदा येते. अशा वेळी बाग उघडी कशी ठेवायची? तुम्ही म्हणाल, ताई, हे शहरातलं दुखणं, आम्हाला काय त्याचं? पण तुमच्या तालुक्याच्या गावी बाग आहे. तुमच्या गावात शाळेचं मैदान आहे, देवळापुढचा पार आहे, ग्रामपंचायतीने लावलेली झाडं आहेत. गोष्ट तीच आहे.

आधी पैशाचं समजून घेऊ, कारण ते समजलं नाही तर कुणीही आपल्याला गप्प बसवतं.

महापालिकेच्या कायद्यात कामांचे दोन खाने आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत, म्हणजे पाणी, दिवे, गटारी, कचरा. ती करावीच लागतात. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत, म्हणजे जमेल तशी करायची. बागा या दुसऱ्या खान्यात बसतात. घरात कसं असतं? पगार कमी आला तर किराणा थांबत नाही, भाडं थांबत नाही, पोरीची सहल थांबते. तसंच तिथे होतं. पैसा आटला की पहिली कात्री बागेला लागते. दुसरीकडे राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहरांच्या स्वराज्य संस्थांकडे द्यायची अठरा कामं लिहिलेली आहेत. त्यात बागा, उद्यानं आणि मैदानं ही सोय स्पष्ट लिहिली आहे. ही दुरुस्ती १९९२ ची, चौऱ्याहत्तरावी. तेव्हा कुणी म्हणालं की बाग हे आमचं कामच नाही, तर ते बरोबर नाही. काम त्यांचंच आहे, फक्त त्याचा नंबर मागे लागतो. आपल्याला तो नंबर पुढे आणायचा आहे.

आता पैसा का आटतो? नाशिकसारख्या शहराचं मोठं उत्पन्न पूर्वी जकातीतून यायचं. अंबडच्या कारखान्यात कच्चा माल आला की नाक्यावर जकात भरावी लागायची, आणि तो पैसा थेट महापालिकेच्या तिजोरीत जायचा. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही माफ झाला. २०१७ च्या १ जुलैपासून जीएसटी लागू झाला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाईचा हप्ता देतं. म्हणजे पूर्वी स्वतःच्या कमाईवर चालणारं घर आता मोठ्या भावाच्या मनिऑर्डरकडे बघतं. हातात उरते मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचा पैसा. शहर तर वाढतच असतं. नवीन वसाहत झाली की आराखड्यात नवीन बाग येते, पण माळी तेवढेच राहतात. जुना माळी निवृत्त झाला तर त्याची जागा भरली जात नाही. मग ठेका निघतो. ठेका संपला आणि नवा निघायला उशीर झाला की मधल्या काळात गवत कमरेएवढं होतं.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाकडे गेला. एरवी बागेतला दिवा गेला की बाई नगरसेवकाच्या दारात जाऊन सांगते. नगरसेवकच नसेल तर जायचं कुठे? म्हणून कागदावर लिहायला शिकणं फार गरजेचं आहे. त्याकडे मी येतेच.

आमच्याच भागातलं एक मोठं उदाहरण सांगते. अंबडजवळ, पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. १९१३ साली ज्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला ते फाळके. त्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा. त्यांच्या नावाने महापालिकेने डोंगराच्या कुशीत मोठी बाग केली. कारंजं, मुलांची खेळणी, प्रदर्शन, सगळं केलं. सुरुवातीला लोकांची रीघ लागली. पुढे खेळणी जुनी झाली, कारंजं बंद पडलं. तिकिटाचा पैसा कमी आणि खर्च जास्त, असं व्हायला लागलं. मग खासगी कंपनीला चालवायला द्या, असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले. कधी महापालिकेनेच नव्याने करायचं ठरवलं. त्याच पायथ्याशी वनखात्याच्या जागेवर नेहरू वनोद्यान आहे. तिथे टाटा ट्रस्टच्या मदतीने काम झालं आणि ते वन विकास महामंडळाकडे आहे.

या दोन्हींतून मी काय शिकले? बाग बांधणं सोपं आहे, रोज सांभाळणं अवघड आहे. बांधताना फीत कापायला माणसं येतात. पण झोक्याच्या साखळीत तेल घालायला, नळाचा वायसर बदलायला कुणी फीत कापत नाही. बारसं थाटात झालं आणि बाळाच्या दुधाची सोयच केली नाही, अशातली गत. म्हणून नवीन बागेचं भूमिपूजन असेल तेव्हाच विचारा, साहेब, सांभाळायला दर वर्षी किती पैसे ठेवलेत आणि कोणत्या शीर्षाखाली?

आता माझ्या माहेरची गोष्ट ऐका. गावाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की कुणाला तरी लागतं, आणि मला कुणाला लावून बोलायचं नाही.

तालुक्याचं गाव आहे. बाजारतळाच्या मागे एक जुनी बाग आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातल्या बाया भाजी घेऊन येतात. दुपारी तिथेच झाडाखाली भाकरी खातात, लेकराला पाजतात, एसटीची वाट बघतात. आधी माळी निवृत्त झाला. मग विजेचं बिल थकलं. मग संध्याकाळी पाचलाच कुलूप लागायला लागलं, आणि एक दिवस उघडलंच नाही. पोरं कुंपणावरून उड्या मारून आत जायची. बायांना काही उड्या मारता येत नाहीत. त्या रस्त्याच्या कडेला, उन्हात, गाड्यांच्या धुळीत बसायला लागल्या.

माझ्या वहिनीचा तिथे बचत गट आहे. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, आम्ही ठरवलंय, आम्हीच साफ करतो." त्यांनी किल्ली मागून घेतली आणि दर रविवारी खराटे घेऊन बाग झाडायला लागल्या. दोन महिने झाडली. पेपरात फोटोही आला. मग काय झालं? कार्यालयातले भाऊ म्हणाले, "छान चाललंय की तुमचं. मग आता आम्ही माणूस कशाला ठेवू?" बाहेरून आठवड्यातून एकदा पाणी घालायला जो माणूस येत होता, तोही बंद झाला. म्हणजे बायांनी फुकट काम केलं आणि त्या फुकट कामानेच एका गरिबाची मजुरी गेली.

वहिनी त्या रात्री रडली. मला म्हणाली, "चांगलं करायला गेलो, ताई, आणि त्या काकांच्या पोटावर पाय आला." ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. श्रमदान चांगलंच आहे. पण बाईचे श्रम फुकटच असतात, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. घरात तसं, आणि दारातही तसंच. आपण फुकट केलं की त्या कामाची किंमत शून्य ठरते आणि अंदाजपत्रकातला आकडाही शून्य होतो. एकदा शून्य झालेला आकडा पुन्हा उभा करणं फार जड जातं.

मग त्यांनी काम थांबवलं आणि वही घेतली. दोन आठवडे दोघीदोघी पाळीने बागेच्या फाटकाशी बसल्या. कोण येतं, कुलूप बघून कोण परत जातं, ते लिहायचं. शिकलेली बाई नको, रेघा मारता आल्या की झालं. बाईला एक रेघ, म्हाताऱ्या माणसाला एक रेघ, लेकराला एक रेघ. बाजाराच्या दिवशी दुपारी रेघांनी पान भरून गेलं. त्यांनी आणखी एक लिहिलं. बागेतलं बायकांचं मुतारीघर बंद असल्यामुळे बाजाराला आलेल्या बाया दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. वहिनीने हे मुख्याधिकाऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब तरुण होते, खाली बघायला लागले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्यापुढे आजवर बाग म्हणजे नुसता खर्चाचा आकडा होता, माणसं कुणी मांडलीच नव्हती.

मग त्या बायांनी हिशेब मागितला. बागेवर गेल्या वर्षी किती तरतूद होती, किती खर्च झाला, कशावर झाला? तोंडी विचारलं तर उद्या या, परवा या. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. २००५ चा कायदा आहे तो. साध्या कागदावर अर्ज लिहायचा आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडायची. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरायचं नाही.

उत्तर आलं तेव्हा कळलं की बागेसाठी पैसे ठेवलेले होते. पण ठेका निघालाच नाही म्हणून ते खर्च न होता पडून राहिले. म्हणजे पैसे नाहीत हे अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं हे, की विचारायला कुणी आलं नव्हतं.

पुढे बऱ्याच बैठका झाल्या आणि लेखी करार झाला. फाटक उघडणं, बंद करणं, झाडलोट आणि झाडांना पाणी घालणं, हे गटाने करायचं आणि त्याचे दरमहा पैसे गटाच्या खात्यात यायचे. पाणी, वीज, मुतारीघर आणि खेळण्यांची दुरुस्ती कार्यालयाने करायची. पाणी घालणाऱ्या काकांना गटाने परत बोलावलं, त्यांची मजुरी त्या पैशातून. मुदत अकरा महिने, मग नवीन करार. बाग कुणाच्याही मालकीची होणार नाही आणि तिकीट लावणार नाही, हेही लिहून घेतलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पैसे कधी तीन-तीन महिने उशिरा येतात. गटातल्या दोघींनी कंटाळून काम सोडलं. एका दादल्याने रात्री बागेत पत्ते खेळायला हरकत घेतली म्हणून वहिनीला शिव्या दिल्या, तेव्हा सगळा गट त्याच्या दारात गेला. मोठा झोका अजून मोडलेलाच आहे. पण बाजाराच्या दिवशी फाटक उघडं असतं. बाया सावलीत भाकरी खातात आणि पाणी पितात. मी दिवाळीला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहून आले.

आता कुणी म्हणेल, एवढी उस्तवार करण्यापेक्षा बाग एखाद्या मोठ्या संस्थेला नाहीतर कंपनीला दत्तक देऊन टाकावी. हाही मार्ग आहे, पण त्याच्या दोन्ही बाजू बघायला हव्यात.

मुंबईत ओव्हल मैदान म्हणून फार जुनं मैदान आहे. गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी तिथे कचरा, नशेबाज आणि दुरवस्था होती. आसपासचे रहिवासी एकत्र आले, न्यायालयात गेले, सांभाळायची जबाबदारी घेतली आणि मैदान पुन्हा खेळायच्या लायक केलं. त्यात बायका पुढे होत्या. ही झाली चांगली बाजू. पण त्याच मुंबईत दत्तक दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि साध्या माणसाला फाटकावर अडवलं जाऊ लागलं. लोकांनी एवढी ओरड केली की जानेवारी २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी दत्तक धोरणाला स्थगिती दिली. २०२३ मध्ये तसंच धोरण पुन्हा पुढे आलं, तेव्हाही लोक उठले.

दूरचं एक उदाहरण देते. अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं केवढं तरी श्रीमंत शहर आहे. १९७५ च्या सुमाराला त्या शहराचंही दिवाळं निघायची वेळ आली होती. तिथल्या सेंट्रल पार्क नावाच्या प्रचंड बागेची पार रया गेली होती. १९८० मध्ये लोकांनी एक संस्था काढली आणि देणग्या गोळा केल्या. आज त्या बागेचा बहुतेक खर्च ती संस्थाच उभा करते, पण जमीन शहराचीच आहे आणि फाटक सगळ्यांना खुलं आहे. आता यातली मेख बघा. त्या बागेभोवती अब्जाधीश राहतात. आमच्या अंबडच्या खोल्यांभोवती आणि तुमच्या बाजारतळाभोवती कोण राहतं? देणगीवर सोडलं तर श्रीमंत वस्तीची बाग हिरवी राहील आणि गरीब वस्तीची वाळेल. म्हणून देणगी आली तर घ्यावी, पण ती वरकड असावी. रोजची भाकरी करातूनच यायला हवी. घरपट्टीची पावती काढून बघा. शहरात त्यात वृक्ष उपकराचा रकाना असतो. तो पैसा आपणच भरलेला असतो.

कंपन्यांच्या पैशाचं म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यात एक कलम आहे, १३५ वं. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर खर्चावे लागतात. त्याला सगळे सीएसआर म्हणतात. पर्यावरणाचं काम त्यात बसतं. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या बायांनी हे माहीत करून घ्यावं. पण मागताना रोजचा पगार मागू नये, कारण कंपनीचं मन पुढच्या वर्षी बदलू शकतं. एकदाच होणारी वस्तू मागावी, म्हणजे पाण्याची टाकी, सौर दिवे, नवा झोका, बोअरचा पंप. आणि त्या वस्तूच्या दुरुस्तीचं काय, हे तेव्हाच लिहून घ्यावं. नाहीतर कंपनीच्या नावाची पाटी चमकत राहते आणि खाली झोका मोडलेला असतो.

आता गावातल्या मैत्रिणींसाठी. तुमच्याकडे आमच्यापेक्षा एक मोठी ताकद आहे, ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी महिला सभा कागदावरच उरकतात, घरी रजिस्टर पाठवून सह्या घेतात. सही करू नका, सभेला जा. आमचं गाव आमचा विकास म्हणून पुढच्या वर्षाचा आराखडा होतो. त्याची तयारी साधारण गांधी जयंतीच्या ग्रामसभेपासून सुरू होते. मैदानाचं कुंपण, पारावरचं झाड, बसायची बाकडी, बायांसाठी मुतारीघर, काय हवं ते तेव्हाच लिहून द्यायचं आणि ठरावात आलं का ते वाचून घ्यायचं. मार्चमध्ये मागितलं तर सगळे म्हणतात, आता आराखडा झाला. शहरातही तसंच. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, म्हणजे आपला अर्ज दिवाळीनंतर लगेच गेला पाहिजे. पेरणीची वेळ चुकवून चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू?

राज्याचं माझी वसुंधरा अभियान ऑक्टोबर २०२० पासून चालू झालं. त्यात ग्रामपंचायतींना आणि शहरांना झाडं, हिरव्या जागा, पाणी अशा कामांचे गुण मिळतात आणि बक्षिसंही असतात. सरपंचांना सांगा, आपली बाग नीट राहिली तर गावाला गुण मिळतील. माणसाला आपला फायदा दिसला की तो लवकर ऐकतो.

खर्च कमी कसा करायचा, तेही सांगते, म्हणजे मागायला गेल्यावर आपल्याकडे उत्तर असेल. हिरवळ लावू नका, ती पाणी फार पिते. कडुलिंब, करंज, वड, पिंपळ, बहावा, आपली झाडं लावा. पहिली दोन-तीन वर्षं जगवली की ती आपलं आपण बघतात. पालापाचोळा जाळू नका, कोपऱ्यात खड्डा करून कुजवा, खत विकत घ्यावं लागणार नाही. पाणी सकाळी लवकर घाला. शहरात सांडपाणी शुद्ध करून मिळत असेल तर झाडांना ते मागा, पिण्याचं पाणी माणसांना राहू द्या. फार खेळणी नकोत. दोन झोके आणि एक घसरगुंडी चालेल, पण धड हवीत. आणि सगळं कमी केलं तरी तीन गोष्टींवर कात्री लावू देऊ नका, दिवा, पिण्याचं पाणी आणि बायांचं मुतारीघर. या तीन नसतील तर बाग कागदावर उघडी राहते आणि बाईसाठी बंद होते. अंधाऱ्या बागेत कोणती आई मुलीला पाठवील?

जाता जाता तिकिटाबद्दल. कुणी म्हणतं, पाच-दहा रुपयांचं तिकीट लावा, बाग आपोआप चालेल. मोठ्या उद्यानाला, जिथे माणूस वर्षातून एकदा सहलीला जातो, तिथे ठीक आहे. पण जिथे रोज जायचं तिथे तिकीट म्हणजे कुलूपच. पाच माणसांच्या घराला रोजचे पन्नास रुपये कसे परवडतील? दात कोरून पोट भरत नाही. तिकिटाच्या पैशाने बाग फारशी चालत नाही, फक्त गरीब बाई यायची थांबते.

मैत्रिणींनो, परवा माझी मुलगी मला म्हणाली, "आई, मी सायकल शिकले ती याच बागेत ना?" आता ती नोकरीला जाते, मागून कुणी धरावं लागत नाही. त्या छोट्या बागेतल्या दोन बाकड्यांचा हिशेब कुठल्या अंदाजपत्रकात मांडता येईल? पण आपण मांडला नाही तर कुणीच मांडणार नाही.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. गटाच्या बैठकीत विषय घ्या की आपल्या गावात सगळ्यांची म्हणावी अशी उघडी जागा कोणती? बाग, मैदान, पार, काहीही. दोघींनी जा, वही घ्या. कोण येतं, कोण परत जातं, दिवा लागतो का, नळाला पाणी आहे का, रेघा मारा. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे जा. एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी जा. अर्ज द्या, पोच घ्या. गाव करी ते राव न करी असं आपले वाडवडील म्हणत आले. पण गाव म्हणजे कोण? गाव म्हणजे तुम्ही-मीच.

कुलूप कार्यालयाचं असू दे. ते कधी उघडायचं हे विचारणारा आवाज मात्र आपलाच असला पाहिजे.